आयरिश पूर्वज शोधताना अकरा महिने: पैसे कुठे भरावेत, कुठे अजिबात नाही

पुढच्या सहा महिन्यांची वर्गणी कार्डावरून परस्पर कापली गेली, म्हणून हा अनुभव आत्ताच लिहून टाकतो. साइटचं नाव देत नाही. तीन ईमेलनंतर उत्तर आलं की ‘स्वयंनूतनीकरण तुम्हीच मान्य केलं होतं’. केलं असेल. पानाच्या तळाशी, फिक्या राखाडी अक्षरांत, आधीच टिक मारून ठेवलेल्या चौकटीत. तेव्हा पहिली सूचना: आयरिश नोंदींच्या कुठल्याही साइटवर पैसे भरलेत की त्याच बैठकीत नूतनीकरण बंद करा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा.

ज्यांना १९०१ आणि १९११ च्या जनगणना, ग्रिफिथ (जमिनीचं जुनं मूल्यांकन) आणि १९२२ ची आग (जिच्यात आधीच्या जनगणना जळाल्या) ठाऊक आहे त्यांच्यासाठी हे लिहिलंय, त्यामुळे ओळखपरेड टाळतो. साधनं वापरली ती काउंटी कॉर्कच्या पश्चिम टोकाच्या बेरा द्वीपकल्पातल्या अ‍ॅलिहीजसाठी, तांब्याच्या खाणींच्या गावासाठी. आडनाव सलिव्हन. बेऱ्यात सलिव्हन शोधणं म्हणजे कोल्हापुरात पाटील शोधणं. त्यामुळे साधन तिथे टिकलं तर कुठेही टिकेल.

आधी माझा राग ज्यावर आहे ते सांगतो: वय. सगळ्या साइटवर शोधाच्या चौकटीत ‘जन्मवर्ष’ असतं, पुढे अधिक-उणे दोन किंवा पाच वर्षांची सवलत. माणूस इमानदारीने वर्ष भरतो आणि हवी ती नोंद तिथेच गाळली जाते. कारण आयरिश कागदांतलं वय म्हणजे आपल्याकडची १ जून. गुरुजींनी शाळेत नाव घालताना जी तारीख ठोकली ती ठोकली, तसंच. १८६४ पूर्वी कॅथलिकांची सरकारी जन्मनोंदच नाही. १८४५ पासून नोंद सुरू झाली ती फक्त बिगर-कॅथलिक लग्नांची. साठीतल्या माणसाला आपलं नेमकं वय माहीत असायचं कारणच नव्हतं.

त्यात १९०८ चा वृद्ध निवृत्तिवेतनाचा कायदा आला. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्याला, उत्पन्न बेताचं असेल तर, आठवड्याला पाच शिलिंगपर्यंत. मग काय व्हायचं ते झालं. १९०१ च्या कागदावर ५८ वर्षांची बाई १९११ ला ७२ ची होते. दहा वर्षांत चौदा वर्षं. जनगणनेचे फॉर्म गोळा करणारे बहुतेक पोलिस शिपाईच होते. ते कशाला वय तपासत बसतील? दोन्ही जनगणनांत वय जुळलं नाही म्हणून माणूस वेगळा समजू नका. उलट १९११ ला नेमकं सत्तर-बहात्तर दिसलं, तर १९०१ चंच वय खरं धरा, आणि त्यातही चार-पाच वर्षांची ढिलाई ठेवा.

याच भानगडीतून या अकरा महिन्यांतला सगळ्यात सुखद धक्का मिळाला. जन्मदाखला नसलेल्या अर्जदाराचं वय पडताळायला अधिकारी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत त्याचं बालपणीचं घर शोधत. अर्जदाराने फॉर्मवर आईबापांची नावं, आईचं माहेरचं आडनाव आणि तेव्हाचं राहतं ठिकाण लिहायचं. शोधणारा खाली निकाल लिहायचा. पुढे ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं अभिलेखागार उडालं आणि त्या जनगणना जवळपास पूर्ण जळाल्या, पण शोधाचे हे फॉर्म वाचले. आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर ते फुकट आहेत. ‘सापडलं नाही’ असा शेरा असला तरी फॉर्म उघडाच. आईबापांची नावं वरच्या भागात असतात, त्यासाठी निकाल लागत नाही. वर्गणीवाल्या साइट याची जाहिरात का करत नाहीत हे सांगायला नको.

वय सोडा, जागा धरा. जागा म्हणजे काउंटी नव्हे, पॅरिशही (एका चर्चच्या हद्दीतला भाग) नव्हे, टाउनलँड. आपल्या ‘मौजे अमुक’सारखं सगळ्यात खालचं एकक, कधी शंभर एकर, कधी हजार. अशी साठ हजारांच्या वर आहेत आणि एकच नाव डझनावारी ठिकाणी येतं. सरकारी जन्म-मृत्यूच्या सूचीत टाउनलँड नसतं, फक्त नोंदणी जिल्हा असतो. बेऱ्यासाठी तो ‘कॅसलटाउन’. त्यामुळे सूचीतल्या ओळीवरून काही ठरवू नका, मूळ पानाचं चित्र उघडा. आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई या सरकारी साइटवर ते फुकट मिळतं: जन्म शंभर वर्षांपूर्वीचे, लग्नं पंचाहत्तर वर्षांपूर्वीची, मृत्यू पन्नास वर्षांपूर्वीचे. जन्माच्या पानावर टाउनलँड, बापाचा धंदा, आईचं माहेरचं आडनाव आणि खबर कोणी दिली ते असतं. मृत्यूच्या पानावर आईबापांची नावं नसतात, फक्त खबर देणारा असतो; पण तो बहुधा मुलगा, सून किंवा शेजारी, म्हणून त्याचंही नाव वहीत उतरवा. लग्नाच्या पानावर दोघांच्या बापांची नावं आणि धंदे मिळतात. वयाच्या रकान्यात ‘फुल एज’ म्हणजे एकवीस किंवा पुढे. पुन्हा वय, पुन्हा पंचाईत.

उत्तरेकडच्या सहा काउंटींसाठी लोक उत्तर आयर्लंडच्या निबंधकांच्या साइटवर पानामागे पैसे मोजतात. १९२१ पर्यंतच्या त्याच नोंदी डब्लिनच्या फुकट साइटवरही आहेत, कारण तोवर सगळ्या बेटाची नोंदणी एकच होती. आधी तिथे बघा, मग खिशात हात घाला.

एक गोंधळ नेहमीचा आहे: बाप्तिस्मा जन्माच्या आधी दिसतो. नोंद चुकीची म्हणून टाकून देऊ नका. मुदत उलटल्यावर जन्म नोंदवला तर दंड होता, म्हणून बाप निबंधकाकडे गेल्यावर तारीख पुढे ढकलून सांगे. चर्चची तारीख खरी, सरकारी तारीख सोयीची. सरकारी सूचीत म्हणूनच पुढची दोन वर्षंही चाळावी.

आता ग्रिफिथ. १८४७ ते १८६४ मध्ये छापलेलं हे मूल्यांकन म्हणजे आयर्लंडचा सातबारा: कब्जेदार कोण, त्याला जमीन कोणी दिली, काय आहे (घर, गोठा, जमीन), क्षेत्र किती, आकारणी किती. क्षेत्र एकर-रूड-पर्चमध्ये असतं. चार रूडचा एकर, चाळीस पर्चचा रूड. आपल्या गुंठ्यात करायचं तर चार पर्च म्हणजे बरोबर एक गुंठा, दहा गुंठे म्हणजे एक रूड. हा हिशोब एकदा डोक्यात बसला की ‘० एकर ३ रूड २० पर्च’ म्हणजे पस्तीस गुंठ्यांवर संसार चालला होता हे लगेच दिसतं. मात्र त्याआधीच्या, १८२३ ते १८३७ च्या, दशमांशाच्या (चर्चसाठीच्या कराच्या) वह्यांत बऱ्याचदा आयरिश एकर वापरलाय. तो साध्या एकराच्या १.६२ पट. दोन वह्यांतलं क्षेत्र जुळत नाही म्हणून जमीन विकली असा निष्कर्ष काढू नका.

एकाच टाउनलँडमध्ये एकाच नावाचे तिघे असले की ग्रिफिथमध्ये नावापुढे कंसात बापाचं नाव येतं. ‘जॉन सलिव्हन (डॅनियल)’ म्हणजे डॅनियलचा जॉन. आपलं मधलं नाव जे काम करतं तेच. नकाशा-क्रमांकात लहान ‘अ, ब’सारखं अक्षर दिसलं की ते त्या तुकड्यावरचं घर, कंसाने जोडलेली नावं म्हणजे सामायिक कसणूक.

ग्रिफिथच्या फुकट साइटवर मात्र एक फसगत आहे. मजकूर मूळ मूल्यांकनाचा, पण सोबत जोडलेले नकाशे बऱ्याच ठिकाणी नंतर सुधारलेले. म्हणून पुस्तकातला क्रमांक ७ आणि नकाशातला ७ वेगवेगळ्या ठिकाणी पडतो. क्रमांकावर विसंबू नका. क्षेत्रफळ आणि शेजाऱ्यांचा क्रम जुळवा. त्यानंतरच्या दुरुस्तीच्या वह्या म्हणजे आपले फेरफार: जुनं नाव खोडून वर नवं, शेजारी वर्ष, वेगवेगळ्या रंगांच्या शाईत. बापाचं नाव खोडून मुलाचं आलं त्याच्या आगेमागे बापाचा मृत्यू शोधायचा. क्वचित ते स्थलांतर निघतं. उत्तरेच्या सहा काउंटींच्या या वह्या बेलफास्टच्या सार्वजनिक अभिलेखागाराच्या साइटवर फुकट बघता येतात.

चर्चच्या वह्यांवर माझं मत मध्येच बदललं. राष्ट्रीय ग्रंथालयाने जुलै २०१५ मध्ये हजाराहून जास्त कॅथलिक पॅरिशांच्या वह्यांची चित्रं फुकट टाकली. पहिले चार महिने मी म्हणत होतो, हे असताना वर्गणी कशाला? पण त्या चित्रांना त्या साइटवर नावांची सूची नाही. पॅरिश उघडा, महिना निवडा, पान पान वाचा. सहामाहीची पानं वाचायला एक संध्याकाळ जाते आणि डोळे लाल होतात. शिवाय लॅटिन. जॅकोबस म्हणजे जेम्स, गुलिएल्मस म्हणजे विल्यम, होनोरा म्हणजे नोरा. तारखेत ‘७ब्रिस’ दिसलं तर जुलै नव्हे, सप्टेंबर. ‘८ब्रिस’ ऑक्टोबर आणि एक्स अक्षराने लिहिलेलं ते डिसेंबर. ही एक गफलत केली की पुढची सगळी साखळी दोन महिने सरकते. लग्नाच्या नोंदीत ‘इन टर्शियो ग्रादू’ अशी सूट दिसली तर थांबा: नवराबायको तिसऱ्या पायरीचे नातेवाईक आहेत, म्हणजे दोघांचे पणजोबा-पणजी एकच. एका ओळीत दोन्हीकडची वंशावळ जुळते. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत अख्खं घराणं एका पानावर मिळतं, तसं सुख इथे नाही; हीच एक ओळ काय ती मिळते.

वर्गणीवाल्या साइटला श्रेय इथे द्यावं लागेल. तिच्या उताऱ्यांत (चर्चच्या वह्यांवरून उतरवलेल्या नोंदींत) मुलाचं नाव रिकामं ठेवून फक्त आईबापांची नावं घालून शोधता येतं. ‘सलिव्हन’ आणि आईचं ‘हॅरिंग्टन’ एवढंच टाकलं, जन्मवर्ष पूर्ण उडवलं, की एका जोडप्याची मुलं रांगेने येतात. जे काम चित्रांत तीन आठवडे खातं ते वीस मिनिटांत होतं. मग दर नोंदीचं मूळ पान फुकट चित्रात तपासायचं, कारण उतारे करणाऱ्यांनी सलिव्हनचं काय काय केलंय ते बघवत नाही. ‘ओ’ कधी आहे, कधी नाही. ‘मॅक’ कधी ‘मक’, कधी नुसता ‘एम’ आणि वर स्वल्पविराम. आडनावाच्या आधी तारांकन (*, म्हणजे ‘इथे कोणतीही अक्षरं चालतील’) टाकायची सवय लावा. ब्रिजेटला डीलिया, बिडी, बेडीलिया. कॉर्कमध्ये डर्मटला जेरेमाया. मुलांच्या नावांचा क्रमही कामाला येतो: थोरला बहुधा बापाच्या बापाचा, दुसरा आईच्या बापाचा. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत आपल्यालाही नवी नाही.

तर बदललेलं मत असं: वर्गणी वाया नाही, पण एका महिन्याचीच पुरे. आधी टाउनलँड, आईचं माहेर आणि धर्मपित्यांची (बाप्तिस्म्याला उभ्या राहिलेल्यांची) नावं फुकट कागदांतून काढून यादी तयार करा. मग महिनाभर पैसे भरा आणि यादी संपवा.

१९११ च्या फॉर्मसाठी एकच सूचना. त्यात लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, हयात किती हे रकाने विवाहित स्त्रियांसाठी होते. पण विधवांनी आणि नवऱ्यांनीही ते भरले आणि गणना करणाऱ्याने रेघ मारून खोडले. सूचीत ते असतीलच असं नाही. मूळ फॉर्मवर रेघेखाली स्पष्ट वाचता येतात. ‘झाली ९, हयात ५’ एवढी ओळ मिळाली तर कोणते चार मृत्यू शोधायचे ते कळतं. याच्या सोबतचा बी-१ फॉर्मही उघडा: भिंती दगडी असतील तर एक गुण, मातीच्या असतील तर शून्य; छप्पर स्लेटचं एक, गवताचं शून्य; पुढे खोल्या आणि दर्शनी खिडक्या. बेरजेवरून घराची इयत्ता ठरते.

पुणे, खडकी किंवा देवळालीच्या एखाद्या सैनिकापासून सुरुवात करणाऱ्यांनी उलटीकडून यावं. रेजिमेंटच्या नावावर जाऊ नका. रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्सची दुसरी बटालियन म्हणजे १८८१ पूर्वीची १०३ वी रॉयल बॉम्बे फ्युझिलिअर्स, मूळची कंपनीची; तिच्यातल्या सैनिकाचा डब्लिनशी काही संबंध नसू शकतो. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या एन-३ मालिकेत आहेत, पण त्यात आयर्लंडमधलं गाव सहसा मिळत नाही. गाव मिळतं ते सैनिकाच्या निवृत्तीच्या कागदांत, लंडनमधल्या क्यूच्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागाराच्या डब्ल्यूओ-९७ मध्ये: ‘अमुक पॅरिशमध्ये, अमुक शहराजवळ, अमुक काउंटीत जन्म’. वयही असतं तिथे. ते सोडून द्या.

नागरिकत्वासाठी हे करत असाल तर साइटवरून उतरवलेलं चित्र चालत नाही; प्रमाणित दाखला मागवावा लागतो आणि तो आजी-आजोबांपैकी कोणाचा तरी हवा. पणजोबा आयर्लंडमध्ये जन्मले एवढ्याने भागत नाही.

परताव्याचं म्हणाल तर चौथ्या ईमेलला स्क्रीनशॉट जोडल्यावर सहापैकी पाच महिन्यांचे पैसे परत आले. कापलेल्या महिन्याचे तेवीस दिवस उरलेत. यादीत चौदा बाप्तिस्मे आणि दोन लग्नं तपासायची आहेत, जन्मवर्षाची चौकट रिकामी ठेवून.