पांढरं दिसलं म्हणून घेतलं: सांगलीत मेणाच्या खरेदीत झालेली फसवणूक

सांगलीत आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मेणबत्त्यांचं काम चालतं. मी, माझ्या मोठ्या जाऊबाई आणि गल्लीतल्या दोघी. ॲल्युमिनियमचे साचे, गॅसची शेगडी, मेण वितळवायला गरम पाण्याचं मोठं पातेलं, एवढाच कारखाना. गणपतीपासून नाताळपर्यंत आमचा सीझन. दिवाळीला गणपती पेठेतले दुकानदार पाकिटं नेतात, नाताळला मिरजेतून जाड मेणबत्त्यांची मागणी येते. सगळा धंदा एकाच कच्च्या मालावर उभा आहे, पॅराफिन मेणावर. गेल्या वर्षी त्यातच आम्ही फसलो. आमच्यासारख्या घरगुती धंदा करणाऱ्या बायकांनी हे जरूर वाचावं.

आमचा नेहमीचा व्यापारी पूर्ण रिफाइंड '५८-६०' मेण १२६ रुपये किलोने द्यायचा. हा आकडा म्हणजे मेण किती अंश सेल्सिअसला वितळतं तो. जुलैत एकाचा फोन आला. "ताई, कुपवाडला गोदाम आहे आपलं. तोच माल १०४ ला देतो. आधी वापरून बघा, मग बोला." त्याने पन्नास किलोची एक गोणी पाठवली, पाच-पाच किलोच्या दहा लाद्या. माल खरंच उत्तम होता. वास नाही, हाताला चिकटपणा नाही, साच्यातून बत्ती अलगद सुटायची.

त्या एका गोणीवर आम्ही सोळा गोण्यांची ऑर्डर दिली. ८०० किलो, ८३,२०० रुपये. पन्नास हजार आधी बँकेतून, उरलेले माल उतरताना. टेम्पो आला तो ऑगस्टातल्या संध्याकाळी, भर पावसात, लाइट गेलेली. ड्रायव्हरला पुढे कवठेमहांकाळला जायची घाई. जाऊबाईंनी मोबाइलच्या उजेडात दोन गोण्या उघडून वरच्या लाद्या बघितल्या. पांढऱ्याशुभ्र. पैसे दिले.

पहिली खूण साच्यानेच दिली होती, आम्हाला ती कळली नाही. चांगलं मेण थिजताना आकसतं, घनफळात दहा टक्क्यांहून जास्त. म्हणून तर बत्ती साच्याच्या भिंतीपासून आपोआप सुटते. ही चिकटून बसायला लागली. आम्ही साचे घासले, मेण ओतायची उष्णता कमी-जास्त केली, बत्ती कडक व्हायला घालतात ते स्टिअरिक ॲसिड वाढवलं. त्याने बत्ती थोडी कडक झाली, म्हणून पाकिटं भरून पाठवून दिली.

मग ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं. पेठेतल्या दुकानदारांचा फोन आला, "वहिनी, तुमच्या बत्त्यांनी माना टाकल्यात. आणि पाकिटाच्या कागदाला तेल सुटलंय." घरी एक लावून बघितली तर काळा धूर, ज्योत सारखी फडफडतेय. दोनशे साठ पाकिटं परत आली, तीही दिवाळीच्या तोंडावर. नऊ वर्षांत एकही पाकीट परत आलं नव्हतं. पैशापेक्षा ते जास्त लागलं.

गल्लीत केमिस्ट्रीचे निवृत्त सर राहतात. त्यांनी चार वेगवेगळ्या गोण्यांच्या तळातल्या लाद्या मागवल्या. मेण कसं तयार होतं ते त्यांनी सांगितलं, आणि फसवणूक नेमकी कुठे झाली ते तिथेच उलगडलं. पॅराफिन मेण कच्च्या तेलातून येतं. वंगण तेलाचा भाग द्रावकात मिसळून थंड करतात, की त्यातलं मेण थिजतं आणि ते गाळून घेतात. हे पहिलं मेण म्हणजे स्लॅक वॅक्स. त्यात भरपूर तेल असतं. मग ते तेल काढायचं, आणि शेवटी रंग आणि वास काढायचा. पूर्ण रिफाइंड मेणात तेल साधारण अर्ध्या टक्क्याच्या आत असतं. सर म्हणाले, "तेल काढणं वेगळं आणि रंग काढणं वेगळं. विशिष्ट मातीतून गाळून तेलकट मेणही पांढरं करता येतं." आम्ही सगळा भरवसा रंगावर ठेवला होता.

त्यांनी लादीचा तुकडा टिपकागदात गुंडाळून वर वजन ठेवलं आणि रात्रभर तसाच राहू दिला. सकाळी कागदावर हाताएवढा डाग. मग दुसरा तुकडा गरम पाण्याच्या भांड्यात वितळवला, खाली उतरवला आणि ढवळत दर मिनिटाला थर्मामीटर वाचला. चांगलं मेण थिजायला लागलं की पारा काही वेळ एका जागी अडून राहतो. जुलैतल्या गोणीतला एक तुकडा उरला होता, तो ५८ ला अडला. ऑगस्टातला माल ५१ च्या आसपास जरासा रेंगाळला आणि घसरत गेला. दुपारी आमच्या पत्र्याखाली काय तापतं ते मला माहीत आहे. बत्त्यांनी माना टाकल्या यात नवल काय?

त्या माणसाला फोन केला. आधी म्हणाला, तुमची मिसळण चुकली. नंतर फोन बंद. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघितला, तर तो भलत्याच धंद्याच्या नावावर, आणि तोही रद्द झालेला. हे काम दोन मिनिटांचं होतं, फुकट होतं, आणि मी ते पैसे दिल्यावर केलं. कुपवाडच्या पत्त्यावर गाळा होता, पण भाडेकरू कधीच सोडून गेलेला. पोलिसांनी अर्ज घेतला, पोच दिली, पण प्रकरण दिवाणी आहे म्हणाले. धंद्यासाठी घेतलेल्या मालाची तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही असंही एकाने सांगितलं. ते अर्धवट आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेला माल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी लागत नाही. आम्ही तक्रार दाखल केली आहे.

बायांनो, नमुन्यावर ऑर्डर देऊ नका. माल दिवसाउजेडी उतरवून घ्या, कोणत्याही गोणीची तळातली लादी तुम्ही निवडा, एक रात्र टिपकागदात ठेवा, आणि उरलेली रक्कम सकाळी द्या. घाईत असलेला ड्रायव्हर थांबत नसेल तर माल परत जाऊ द्या. पारा कुठे अडतो ते बघायला साधा थर्मामीटर (तापाचा नव्हे) दुकानात मिळतो. मेण मात्र थेट आचेवर वितळवू नका, फार तापलं तर त्याच्या वाफा पेट घेतात.

आमच्याकडे ४७० किलो उरलं होतं. बंब पेटवायच्या भुशाच्या वड्या करणारा एकजण आला, त्याला तेलकट मेणच चालतं. ५५ रुपयांनी दिलं. त्याने बिलावर काय लिहू विचारलं. जाऊबाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'तेलकट मेण, बत्तीसाठी नाही', आणि खाली सही केली.