रबर चेनवाला लोडर घेताना मी फसलो, तुम्ही घ्यायला जाण्याआधी हे वाचा

गेल्या दिवाळीनंतर मी पनवेलकडच्या एका यार्डातून सेकंडहँड कॉम्पॅक्ट ट्रॅक लोडर घेतला. म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे सरसकट बॉबकॅट म्हणतात तसलीच छोटी मशीन, फक्त टायरच्या जागी रबर चेन. साडेचौदा लाख मोजले. सगळं सविस्तर लिहितोय कारण ही मशीन आपल्याकडे कमी आहे, विचारायला जवळपास माणूस मिळत नाही, आणि विकणाऱ्याला ते बरोबर माहीत असतं.

आमची कामं संगमेश्वर-देवरुख पट्ट्यात, प्लॉट लेव्हलिंग आणि चिऱ्याची बांधकामं. टायरवाला लोडर जूनपासून जांभ्याच्या चिखलात रुततो. चेन वजन पसरवते म्हणून ओल्यातही चालते, हे मी आजही म्हणेन. मशीनचा प्रकार बरोबर होता, ही मशीन चुकीची होती.

यार्डात गेलो तर मशीन धुऊन पुसून, रंग मारून उभी. मीटर 1,840 तासांचा. दोन्ही चेन कोऱ्या, रबराचा वाससुद्धा जायचा होता. मालक म्हणाला, "शेठ, चेनच दोन-अडीच लाखाच्या टाकल्यात, तुम्हाला दोन वर्षं बघायला नको." मी तिथेच अडकलो. रबर चेन साधारण 1,200 ते 1,600 तास जाते, दगडात त्याहून कमी, म्हणजे 1,840 ला चेन बदलली हे पटण्यासारखंच होतं. त्या नव्या चेनच्या आत काय आहे ते मी वाकून बघितलं नाही.

आत स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे, दात झिजून एका बाजूला वाकले होते, हुकासारखे. चेन ज्यांच्यावरून सरकते त्या खालच्या रोलरपैकी तीन जाम. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन टाकली की दात नीट बसत नाहीत, आतले रबराचे गट्टू कुरतडले जातात. चार महिन्यांत चेन उतरायला लागली, ती पण उतारावर, माती भरलेली बकेट वर असताना. माझा ऑपरेटर थोडक्यात वाचला, तो दिवस आठवला की अजून हात थरथरतात.

मग रत्नागिरीहून मेकॅनिक आणला. त्याने लॅपटॉप लावला आणि इंजिनच्या कंट्रोलरमधले तास काढले. 6,300 च्या वर! डिस्प्ले दुसऱ्या मशीनचा काढून बसवला होता. डाव्या फायनल ड्राइव्हमधून (स्प्रॉकेट फिरवणारी मोटर आणि गिअर) तेल गळत होतं, त्या मोटरच्या परतीच्या तेलाचा केस ड्रेन फिल्टर उघडला तर आत चकचकीत धातूचा चुरा. तेव्हा कळलं की ट्रायलला मशीन सारखी डावीकडे का ओढत होती, तिथे मला सांगितलं होतं की "जमीन उतरती आहे". स्प्रॉकेट, रोलर, दोन्ही ड्राइव्ह मिळून चार लाखांच्या वर गेले आणि पावसाचा निम्मा सीझन मशीन ताडपत्रीखाली.

दुसरी गोष्ट वजनाची. जाहिरातीत लिहिलं होतं "क्षमता 2,100 किलो". मी हिशोब केला, एक चिरा साधारण 30 किलो, 40 चिऱ्यांचं पॅलेट 1,200 किलो, आरामात उचलेल. पहिल्याच दिवशी मागची बाजू वर आली. 2,100 हे टिपिंग लोड होतं, म्हणजे ज्या वजनाला मशीन पुढे कलंडते ते. चेनवाल्या लोडरला काम करायचं वजन त्याच्या 35 टक्के धरतात, म्हणजे 735 किलो. टायरवाल्याला 50 टक्के धरतात, म्हणून कंपनीच्या कागदावर कधी कधी दोन्ही आकडे असतात आणि विकणारा मोठा तोच दाखवतो. रेटेड ऑपरेटिंग कपॅसिटी, म्हणजे हेच काम करायचं वजन, 35 टक्क्यांवर किती, हा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. दगड फोडायचा ब्रेकर किंवा झाडीचा चुरा करणारा मल्चर लावायचा असेल तर हायड्रॉलिक फ्लो, म्हणजे मिनिटाला किती लिटर तेल जातं, ते विचारा, "हायफ्लो आहे" एवढ्यावर थांबू नका.

बघायला जाल तेव्हा सकाळी न सांगता जा आणि आधी इंजिनला हात लावा, माझ्या वेळी त्याने मशीन आधीच गरम करून ठेवली होती. थंड इंजिन स्टार्ट होताना जो धूर आणि आवाज येतो तोच खरा. बकेट आणि आर्मच्या सांध्यातल्या पिन-बुशमधला खेळ (ढिलेपणा), पेडलचं रबर, सीट हे मीटरशी जुळतंय का बघा, 1,800 तासांत पेडल गुळगुळीत होत नाही. आणि मेकॅनिक लॅपटॉपसकट सोबत न्या, त्याचे पाच हजार गेले तरी चालतील.

कागदाचं पण सांगतो. चेनवाल्या मशीनला टायरवाल्या जेसीबीसारखं आरसी बुक सहसा नसतं, त्यामुळे कर्ज आहे का ते आरसीवर बघायची सोय नसते. पहिल्या खरेदीचं मूळ बिल मागा आणि सरसाईच्या (CERSAI, कर्जासाठी तारण ठेवलेल्या मालमत्तेची सरकारी नोंदवही) साइटवर फी भरून शोधा. मी हे पैसे दिल्यानंतर केलं, नशिबाने बोजा निघाला नाही.

वकिलाकडे गेलो तर त्याने सांगितलं की धंद्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात सहसा बसत नाही, फक्त स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर सूट आहे, आणि माझ्याकडे दोन मशीन आणि पगारी ऑपरेटर. म्हणून पोलिसात भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 (फसवणूक) खाली लेखी तक्रार दिलीय, कंट्रोलरची प्रिंट, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि मीटरचा फोटो जोडून. हे तिन्ही माझ्याकडे होते म्हणून अर्ज तरी घेतला. व्यवहार चालू असतानाच फोटो काढून ठेवा, नंतर जाहिरात काढून टाकतात.

परवा त्याच यार्डाची नवीन जाहिरात बघितली. दुसरी मशीन, चेन कोऱ्या, मीटर 1,900. सहा फोटो आहेत, एकातही स्प्रॉकेट दिसत नाही. कोणी जाणार असाल तर मला आधी फोन करा, मी स्वतः सोबत येतो.