शिकारीची पँट दोन वर्षं घासली, आता सांगतो

आधीची पँट कशी फाटली ते आधी सांगतो म्हणजे ही का घेतली ते कळेल. झुडपाआड उकिडवा बसलो होतो, समोर चाळीसेक पावलांवर हरणं चरत होती, कॅमेरा उचलायला जरासा पुढे झुकलो आणि मागून टर्रर्र. हरणं गेली. पँट पण गेली, आसनापासून थेट मागच्या खिशापर्यंत. गंमत म्हणजे कापडाला काहीच झालं नव्हतं, कापड एक नंबर होतं, लेबलवर कायकाय लिहिलेलं. उसवली होती शिवण. चार शिवणी जिथे एका ठिपक्यावर येऊन भेटतात तिथे सगळा ताण येतो आणि नेमकं तिथेच एकेरी टीप मारून सोडून दिलेलं.

तर ही दुसरी. शिकाऱ्यांसाठी बनवलेली आहे. मी शिकार करत नाही, लपून बसून फोटो काढतो, पण गरजा सगळ्या त्याच, तासन्तास गप बसायचं, काट्यातून सरपटत जायचं, ओल्या गवतात गुडघे टेकायचे आणि एवढं सगळं करून आवाज करायचा नाही. ट्रेकिंगच्या पँटा चालण्यासाठी शिवलेल्या असतात, त्यात दिवसभर चाला काही होत नाही, पण उकिडवं बसा आणि मग बघा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत, आणि तसंही कुठल्याही कंपनीची घेतलीत तरी बघायच्या जागा ह्याच.

सगळ्यात आधी आसन बघायचं. ह्या पँटला दोन पायांच्या मधे पत्त्यातल्या चौकटच्या आकाराची कळी, म्हणजे कापडाचा जास्तीचा तुकडा, घातलीये, त्यामुळे चार शिवणी एका ठिकाणी येतच नाहीत, ताण वाटला जातो आणि पाय फाकवला की कापड कंबरेतून खाली ओढलं जात नाही. कळी हा काही नवा शोध नाही, शिंप्यांना कायम माहितीये, पण रेडिमेड पँटांमधून ती गायब झाली कारण जास्तीचा तुकडा म्हणजे जास्तीची शिवण म्हणजे जास्तीचा वेळ. पँट उलटी करून बघा. आतल्या शिवणीवर कापडाच्या कडा एकमेकीत दुमडून वरून दोन समांतर टिपा मारलेल्या असतील, जीन्सच्या पायाला असतात तशा, तर निम्मं काम झालं. नुसतं ओव्हरलॉक, म्हणजे कडेला मशीनने जाळीसारखी टीप मारून, सोडलेलं असेल तर परत ठेवून द्या, रंग कितीही आवडलेला असू दे.

गुडघ्याला डार्ट घेतलेत, म्हणजे कापड चिमटीत धरून निमुळत्या टिपा मारल्यात, त्यामुळे पँट टेबलवर सपाट ठेवली तरी गुडघ्यात किंचित वाकलेली दिसते. पहिल्यांदा बघितलं तर वाटेल शिवताना चुकलीये. पण घालून पायरी चढलात की कळतं, मांडीवर कापड ताणत नाही, मोहरी, म्हणजे पायाचं खालचं तोंड, घोट्याच्या वर पळत नाही. मी उंच आहे आणि माझी मोहरी कायम वर पळते, ह्या पँटमधे नाही पळाली. शिवाय मागे कंबरपट्टी पुढच्यापेक्षा दोन बोटं उंच आहे, त्यामुळे खाली वाकल्यावर पाठ उघडी पडत नाही. एवढीशी गोष्ट आहे पण पहाटे थंडीत ओणवं बसलात की जी काय वाऱ्याची झुळूक लागते ना तिथे, ज्याला लागलीये त्याला विचारा.

आता कापड. पॉलिस्टर 65 टक्के आणि कॉटन 35 टक्के असं मिक्स आहे, हे प्रमाण ह्या धंद्यात जुनं आणि चाललेलं आहे, फियालरावेन ह्या स्वीडिश कंपनीचं जी-1000 म्हणून जे कापड आहे तेही असंच 65-35. पॉलिस्टर टिकतं आणि लवकर वाळतं, कॉटनमुळे अंगाला बरं वाटतं आणि, हे महत्त्वाचं, आवाज कमी होतो. नुसतं नायलॉन झिजायला सगळ्यात चिवट पण चालताना मांडीला मांडी घासली की खसखस, आणि ती खसखस तुम्हाला ऐकू येते त्याच्या कितीतरी आधी जनावराला येते. नुसतं कॉटन तर ओल्या थंडीत नकोच, पाणी पिऊन बसतं, वाळत नाही, आणि पाणी हवेच्या साधारण 25 पट उष्णता वाहून नेतं त्यामुळे भिजलेली जीन्स घालून बसणं म्हणजे अंगातली ऊब स्वतःहून वाटून टाकणं. लोकर ओली झाली तरी ऊब धरते आणि आवाज तर बिलकुल नाही, म्हणून जुने शिकारी लोकरीच्या पँटा घालायचे ते उगीच नाही, फक्त जड होते आणि काट्यात धागे ओढले जातात.

लेबलवर डेनियर लिहिलेलं असतं त्याला लोक फार भुलतात. डेनियर म्हणजे काय तर 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, बास. 500 डेनियर म्हणजे धागा जाड, एवढंच कळतं, विण किती घट्ट आहे आणि शिवण कशी आहे हे त्यातून कळत नाही. रिपस्टॉप मात्र उपयोगाचं, त्यात ठराविक अंतरावर जाड धाग्यांच्या चौकटी विणलेल्या असतात, काट्याने भोक पाडलं तर फाटत फाटत पुढच्या जाड धाग्यापर्यंत जातं आणि थांबतं. माझ्या डाव्या मांडीवर असं एक भोक आहे, दीड वर्षं झालं, आहे तेवढंच आहे.

पाणी. इथे कंपन्या सगळ्यात जास्त गोलगोल बोलतात. वॉटरप्रूफच्या पुढे 10,000 मिमी वगैरे आकडा असतो तो म्हणजे कापडावर किती उंच पाण्याचा स्तंभ उभा केला की पाणी पाझरायला लागतं तो आकडा. पाऊस पडताना पँटवर तेवढा दाब येत नाही, पण ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की सगळं वजन त्या वाटीएवढ्या जागेवर येतं आणि तिथे दाब कितीतरी जास्त. म्हणून माझं मत असं की अख्खी पँट वॉटरप्रूफ घेऊच नका, चढावर घामाने आतूनच भिजाल. गुडघा आणि बैठक ह्या दोनच जागी पाणी न सोडणारं कापड, बाकी पँट श्वास घेणारी, आणि पावसासाठी वेगळी ओव्हरपँट सॅकमधे. ह्या पँटमधे तसंच आहे.

कापडावर पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळतात ते वरच्या लेपामुळे, आणि तो लेप कायमचा नसतो. मळ बसला की आधी मळामुळे काम थांबतं, लोकांना वाटतं पँट वाया गेली. धुवा नीट, लेबलवर चालत असेल तर ड्रायरमधे कमी आचेवर थोडा वेळ फिरवा, बरेचदा लेप परत जागा होतो. फॅब्रिक सॉफ्टनर टाकू नका, लेपाची वाट लागते. पूर्वी हे लेप फ्लोरिनवाल्या रसायनांचे असायचे, ती निसर्गात वर्षानुवर्षं तुटत नाहीत म्हणून कंपन्या आता त्यापासून लांब चालल्यात, नवे लेप पाणी ठीक अडवतात पण तेलकट डाग अडवत नाहीत, त्यामुळे ते जास्त वेळा धुवून परत लावावे लागतात. मी सरळ मेण लावतो. मेणाची वडी गुडघ्यावर, मांडीवर घासायची आणि हेअर ड्रायरने वितळवून जिरवायची. ती जागा मग जरा कमी श्वास घेते, म्हणून सगळीकडे फासू नका.

आता तक्रारी, आणि ह्यातली पहिली मला अजून पटलेली नाही. मांडीवरच्या खिशांना वेल्क्रो. शिकारीच्या पँटला वेल्क्रो! शांत जंगलात तो खिसा उघडला की अख्ख्या दरीला कळतं. वर कुसळं त्यात अडकून बसतात आणि महिन्याभरात तो चिकटेनासा होतो. ह्यात एक मजा आहे, जॉर्ज द मेस्त्राल नावाचा स्विस इंजिनिअर 1941 साली कुत्र्याला घेऊन डोंगरात फिरून आला, कुत्र्याच्या केसांत आणि त्याच्या पँटमधे काटेरी बिया अडकलेल्या, त्याने सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर बारीक बारीक आकडे, आणि त्यावरून वेल्क्रो निघाला. म्हणजे जे पँटमधून उपटून काढायला आपण संध्याकाळ घालवतो तेच पँटला शिवून विकतात. मी दोन्ही खिशांचा वेल्क्रो उसवून बटणं लावून घेतली, साधी मोठी बटणं, हातमोजे घालून पण लागतात.

दुसरी तक्रार गुडघ्यावरच्या ठिगळांची. ठिगळ नायलॉनचं आहे, चिवट आहे, मान्य, पण नवीन असताना चालताना फटफट वाजायचं. आठ-दहा धुण्यांनंतर मऊ झालं आणि बऱ्यापैकी गप्प बसलं. घ्यायच्या आधी ही टेस्ट करता येते, नखाने ठिगळावर ओरखडा काढा आणि मग शर्टाच्या बाहीवर काढा, फरक ऐकू आला तर तो जंगलात दहापट वाटणार. आणि धुतल्यावर ठिगळाची जागा सगळ्यात शेवटी वाळते, दुहेरी कापड आहे ना, बाकी पँट वाळून खडखडीत आणि गुडघे दमट.

तिसरं म्हणजे मागे आणि गुडघ्याच्या लवणीत ताणणारं कापड आहे, त्यात इलास्टेन, म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा. बसायला मस्त, खरंच मस्त, पण ह्याच तुकड्यांवर गोळे यायला लागलेत आणि कुसळं सगळ्यात जास्त इथेच रुततात. इलास्टेनला उष्णता मानवत नाही, म्हणून वर मी ड्रायरचं बोललो ते कमी आचेवरच, आणि इस्त्री तर नकोच. ताणणारं कापड मागे ठीक, पुढे मांडीवर नको, काटे पुढूनच येतात.

चेनच्या टोकाला लोखंडी ओढणी होती, ती टिंगटिंग वाजायची, पहिल्याच दिवशी कापून दोरीचा तुकडा बांधला. मांडीच्या बाजूला हवा खेळायला चेन आहेत त्या मात्र सोन्यासारख्या, चढ लागला की उघडायच्या. आत जाळी आहे, पण बारीक कुसळं जाळीतूनही आत येतातच.

खिशांबद्दल जरा. दुकानात उभं राहून खिसे मोजू नका, खिसे भरून बसून बघा. पुढच्या खिशातला फोन उकिडवं बसलं की जांघेत रुततो, तो मांडीच्या बाहेरच्या बाजूला किंचित मागे असलेल्या खिशात हवा. मोठा घोळदार खिसा दिसायला भारी पण त्यात जड वस्तू टाकली की प्रत्येक पावलाला मांडीवर थाप. ह्या पँटला एकूण सात आहेत, मी वापरतो तीन. आणि सॅकचा पट्टा कंबरेवर जिथे येतो तिथे बघा काही जाड बटण, रिव्हेट आहे का, चार तासांनी त्याचा ठसा कातडीवर उमटतो. इथे कंपनीने सपाट हुक दिलाय, शाबास.

रंगाचं एक सांगायचंय कारण लोक कॅमोफ्लाजच्या छापावर सगळा जीव ओवाळून टाकतात. हरणाला नारिंगी आणि हिरवा ह्यातला फरक कळत नाही, त्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. निळा मात्र त्याला चांगला दिसतो, अतिनील उजेडही काही प्रमाणात दिसतो. आता डिटर्जंटमधे कपडे 'पांढरेशुभ्र' दिसावेत म्हणून जे चमक आणणारं रसायन घालतात ते अतिनील उजेड शोषून निळसर चमकतं. म्हणजे महागातली पानाफुलांच्या छापाची पँट नेहमीच्या पावडरीत धुतलीत की तुम्ही हरणासाठी निळसर दिवा लावून बसलात. चमक नसलेला डिटर्जंट वापरा, छाप काहीही असू दे, मळखाऊ हिरवट-तपकिरी साधा रंग पुरतो, आणि वारा तुमच्याकडून जनावराकडे वाहत असेल तर कुठलाच छाप कामाचा नाही. जिथे बंदुकवाले शिकारी फिरतात तिथे वरून भडक नारिंगी जॅकेट घाला, हरणाला ते भडक नाही दिसत, माणसाला दिसतं, तेच पाहिजे. फार गडद पँट मी टाळतो, डास जास्त येतात आणि पायावर चढणारी गोचीड दिसत नाही.

साईजचं शेवटी. कंबर नेहमीच्या मापाची घ्या पण आतून थर्मल घालून ट्राय करा, थंडीत घालायची असेल तर. मग ट्रायल रूममधे एकदा उकिडवे बसा, एकदा गुडघा छातीला लावा, एकदा पाय कमरेएवढ्या उंचीवर ठेवा. बाहेरचे लोक हसतील, हसू दे. मी ही पँट घेताना हे सगळं केलं, फक्त मांडीवरचा खिसा तेवढा उघडून बघायचा राहिला.