आधी वूफर बदलायचा की बॉक्स? सील्ड आणि पोर्टेड समोरासमोर

गाडीतला बास मनासारखा वाजत नसला की पहिली नजर जाते ती वूफरवर, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरवर. दहा इंची आहे, मग बारा इंची घेऊ. तीनशे वॅटचा आहे, मग सहाशेचा बसवू. डिकीतला बॉक्स मात्र जुनाच राहतो. माझं मत असं, की वूफर धडधाकट असेल तर आधी बॉक्सकडे बघावं. वूफरचा पडदा पुढे जेवढी हवा ढकलतो तेवढीच मागेही ढकलतो, आणि त्या मागच्या हवेचं काय करायचं हे बॉक्स ठरवतो. यात अंदाजपंचे काही उरलेलं नाही. नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला याचं गणित मांडून ठेवलंय. बऱ्या वूफरसोबत येणाऱ्या कागदावरचे आकडे त्याच गणिताचे असतात.

सील्ड की पोर्टेड

सील्ड बॉक्समध्ये मागची हवा कोंडलेली असते आणि ती पडद्याला आवरून धरते. पोर्टेडमध्ये तीच हवा नळीतून किंवा फटीतून (हाच पोर्ट) बाहेर येते आणि ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या आसपास आवाजात भर घालते. ती फ्रिक्वेन्सी म्हणजे बॉक्सचं ट्यूनिंग. एका बारा इंची वूफरसाठी दोन्हींचा साधारण हिशेब असा:

| | सील्ड | पोर्टेड |
|---|---|---|
| आतली नक्त जागा | २१ ते ३५ लिटर | ४५ ते ७० लिटर |
| खालच्या सुरांची घसरण | दर ऑक्टेव्हला (फ्रिक्वेन्सी निम्मी होईल तेव्हा) १२ डेसिबल | ट्यूनिंगच्या खाली दर ऑक्टेव्हला २४ डेसिबल |
| तेवढ्याच वॅटला आवाज | कमी | ट्यूनिंगच्या आसपास बहुधा ३ डेसिबल किंवा जास्तच वर |
| मापात थोडी चूक झाली तर | खपून जाते | ऐकू येते |

तक्ता बघून सील्ड हरला असं वाटेल. पण गाडीच्या आत चित्र बदलतं. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर असते, म्हणजे अख्ख्या गाडीपेक्षा बरीच मोठी. साधारण ६०-७० हर्ट्झच्या खाली लाट केबिनमध्ये मावत नाही, तिथे नुसता दाब वरखाली होतो आणि बास आपोआप उचलला जातो. कागदावर ही वाढ दर ऑक्टेव्हला १२ डेसिबलपर्यंत जाते. प्रत्यक्षात काचा, पत्रा आणि फटींतून काही भाग निसटतो. तरीही सील्डची १२ डेसिबलची घसरण आणि केबिनची ही चढण एकमेकींना बऱ्यापैकी भरून काढतात. म्हणून घरात बारीक वाटणारा सील्ड सब (बॉक्ससकट वूफर) गाडीत पार खालपर्यंत उतरतो. सेडानमध्ये डिकी आणि केबिन यांच्यामध्ये पाठीची आडभिंत येते, तिथे हा फायदा हॅचबॅकइतका सरळ मिळत नाही.

पोर्टेडची बाजूही लंगडी नाही. ३ डेसिबल वर, म्हणजे अँपचे (अँप्लिफायरचे) वॅट दुप्पट केल्यासारखं. ३०-४० हर्ट्झवर लांबलचक ताणलेला बास असलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकत असाल, तर पोर्टेडच घ्या. चार तारांच्या बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झला वाजते आणि किक ड्रमचा जोर त्याच्याही वर असतो. तेव्हा ऐकणं मुख्यतः बँडचं आणि गायकीचं असेल, तर सील्डमध्ये फारसं काही हुकत नाही.

‘सील्ड कडक वाजतो, पोर्टेड नुसता घुमतो’ हे तुम्ही ऐकलं असेल. त्यात निम्मंच खरं आहे. घुमतो तो लहान डब्यात कोंबलेला आणि ४५-५० हर्ट्झला ट्यून केलेला पोर्टेड. तयार मिळणारे स्वस्त बॉक्स अनेकदा याच जातीचे असतात. पुरेशी जागा देऊन ३२-३५ हर्ट्झला ट्यून केलेला बॉक्स तसा वाजत नाही. मात्र एक पथ्य पाळावंच लागतं. ट्यूनिंगच्या खाली पडद्याला हवेचा आधार राहत नाही, तो सैरावैरा हलतो आणि त्याला हलवणारी तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, आपटू शकते. म्हणून पोर्टेडला अँपमधला सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर कापणारा) ट्यूनिंगच्या थोडा खाली लावणं सक्तीचं समजा. अँपमध्ये हा फिल्टरच नसेल, तर माझ्या मते पोर्टेडचा नाद सोडावा.

डिकी किती जाईल?

इथेच बहुतेकांचा निर्णय होतो, म्हणून आकडेमोड करूनच बघू. ४० × ३५ × ३० सेंटिमीटरचा डबा बाहेरून ४२ लिटरचा दिसतो. १८ मिलिमीटरच्या एमडीएफची (लाकडाच्या भुश्याची दाबलेली फळी) जाडी सहाही बाजूंनी वजा केली की आत उरतात ३० लिटर. वूफरचं चुंबक आणि बास्केट दोन-तीन लिटर खातं, राहिले २७-२८. बारा इंची सील्डला हे छान पुरतं.

आता पोर्टेड. नक्त ५५ लिटर, ३५ हर्ट्झ ट्यूनिंग आणि १६० चौरस सेंटिमीटरचा पोर्ट धरला, तर पोर्टची लांबी भरते जवळजवळ ६० सेंटिमीटर. त्या पोर्टमधली हवाच दहाएक लिटरची, शिवाय त्याची फळी आणि वूफर. बाहेरून डबा नव्वद लिटरच्या घरात जातो, म्हणजे सील्डच्या दुपटीहून मोठा. जागा वाचवायला पोर्ट बारीक केला, तर जोरात वाजवताना त्यातून फसफस ऐकू येते. बॅगा आणि बाबागाडी नेणाऱ्या घरात हा वाद इथेच संपतो.

बँडपास बॉक्स (वूफर डब्याच्या आतच, आवाज फक्त पोर्टमधून) सुरांच्या एका अरुंद पट्ट्यात दणकून वाजतो, पण तो बनवणं कठीण आणि बिघाड लपवण्यात पटाईत. पहिल्या अपग्रेडला नको. सीटखालचा अँपसकट सब जागाच नसेल तर घ्यावा. त्याने समोरच्या स्पीकरना आधार मिळतो, पण छाती हलेल अशी अपेक्षा धरू नये.

जुना बॉक्स तपासा

सील्ड बॉक्स असेल तर गाणं बंद करून पाचही बोटं पसरून पडदा मध्याभोवती सारखा, हलकेच आत दाबा आणि सोडा. डबा घट्ट असेल तर दाबताना हवेचा प्रतिकार जाणवतो. पडदा सहज आत जात असेल, तर कुठूनतरी हवा गळते आहे. मग एकच खालचा सूर वाजवत ठेवा आणि ओला तळहात सांध्यांवरून, विशेषतः वायर जोडायच्या टर्मिनलच्या कडेने फिरवा. गळती असेल तिथे थंड झुळूक लागते. आतून सिलिकॉन भरलं की बऱ्याच वेळा ‘नवा वूफर हवा’ हा विषयच मिटतो. मोठी फळी थरथरत असेल, तर आत एक आडवी दांडी ठोकून घ्या.

एक बारा इंची की दोन दहा इंची?

बारा इंचीच्या पडद्याचं क्षेत्रफळ ४८० ते ५०० चौरस सेंटिमीटर, दहा इंचीचं ३३० च्या आसपास. दोन दहा इंची मिळून ६६० होतात, म्हणजे हवा जास्त हलते. पण खर्च दोन वूफरचा, आणि अँपची जुळवाजुळव वाढते. एकट्या बारा इंचीचा पडदा जास्त अंतर पुढेमागे जाणारा असेल, तर तो ही तूट बरीचशी भरून काढतो. मी एकच घेईन, पण चांगला.

घेण्याआधी ओहम जुळवा

वूफर आवडला, घरी आणला आणि मग कळतं की अँपशी जमत नाही. सर्वांत जास्त फजिती इथे होते. ओहम म्हणजे वूफरचा विजेला होणारा अडथळा. तुमचा मोनो (एकाच चॅनेलचा) अँप २ ओहमवर पूर्ण ताकद देत असेल, तर एकट्या वूफरला दुहेरी ४ ओहम कॉइल, म्हणजे प्रत्येकी ४ ओहमच्या दोन कॉइल हव्यात. समांतर जोडली की २ ओहम. दुहेरी २ ओहमचा वूफर आणलात तर जोडणीतून एकतर १ ओहम मिळेल किंवा ४. एकावर अँप जळायची भीती, दुसऱ्यावर ताकद साधारण निम्मी. तेच दुहेरी २ ओहमचे दोन वूफर असतील, तर प्रत्येकाच्या कॉइल एकामागे एक आणि दोन्ही वूफर समांतर जोडून बरोबर २ ओहम होतात.

वॅट बघताना डब्यावरचा मोठा आकडा सोडून आरएमएस, म्हणजे सतत पेलता येणारी ताकद, बघा. तीनशेवरून सहाशे आरएमएसवर गेलात तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. कानाला दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात. त्यात सहाशे वॅटचा क्लास-डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या जातीचा) अँप पूर्ण जोरात पन्नासेक अँपिअर ओढतो. त्या हिशेबाने वायर जाड हवी, आणि शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियम वायर घ्यायचीच असेल, तर एक-दोन गेज जाड घ्या. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत लावा. तो अँपजवळ लावला, तर मधली सगळी वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाल्यावर तिला वाचवणारं काहीच नसतं.