पोरसाचे हत्ती कोणत्या नियमांनी चालवाल? प्राचीन युद्धखेळाच्या चार नियमावल्या शेजारी शेजारी

झेलमच्या काठावर इ.स.पू. ३२६ मध्ये अलेक्झांडरविरुद्ध पोरसाने किती हत्ती उभे केले होते? प्राचीन इतिहासकारांपैकी एरियन २०० सांगतो, डायोडोरस १३०, कर्टिअस ८५. दोन हजार वर्षांत हा घोळ मिटलेला नाही आणि छोट्या पुतळ्यांनी टेबलावर प्राचीन लढाया खेळायच्या आमच्या छंदात तो मिटवायचीही गरज नाही. तिथे हत्तीच्या दोन-चार फिगर, म्हणजे रंगवलेले पुतळे, असतात. त्या कशा चालतात, कधी बिथरतात आणि कोणाच्या हातून मरतात हे नियमावली ठरवते. म्हणून या छंदात नव्याने येणाऱ्याचा पहिला प्रश्न बरोबरच असतो: रूल्स कुठले घेऊ?

त्याला मिळणारी उत्तरं बहुधा लढाईच्या हिशोबाची असतात, म्हणजे कुठे फासे जास्त, कुठे तक्ते कमी. माझ्या मते तिथे उन्नीस-बीसचाच फरक आहे. खरा फरक हुकमात आहे. प्राचीन सेनापतीची अडचण ही की एकदा फौज मांडली की ती त्याचं फारसं ऐकत नसे. नियमावली ही अडचण कशी उभी करते ते बघा, आणि आपल्याला कुठल्या प्रकारची अवज्ञा सोसवेल ते स्वतःला विचारा.

डीबीए, म्हणजे 'डी बेलिस अँटिक्विटाटिस'. वॉरगेम्स रिसर्च ग्रुपची ही नियमावली १९९० ची, फिल बार्कर आणि मंडळींची. प्रत्येक बाजूला फक्त १२ एलिमेंट, म्हणजे १२ बेस (बेस म्हणजे काही फिगर एकत्र चिकटवलेली पट्टी). १५ मिमी उंचीच्या फिगरसाठी दोन फूट बाय दोन फूट जागा पुरते. डाव तासाभरात संपतो, हरलात तर लगेच दुसरा मांडता येतो. हुकमाची व्यवस्था एका ओळीत सांगता येईल इतकी साधी: पाळीच्या सुरुवातीला एक फासा टाकायचा, जितके ठिपके तितक्या चाली. एका ठिपक्यात एक सुटा बेस हलतो किंवा एकमेकांना चिकटून उभा असलेला अख्खा गट. गट शाबूत असेतोवर तुम्ही राजे. रांग फुटली, फौज विखुरली आणि फाशावर एक पडला की तीन ठिकाणी आग लागलेली असताना हातात पाण्याची एकच बादली. एवढ्याशा नियमातून प्राचीन लढाईची नस इतकी नेमकी पकडलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

लढाईही तशीच. दोघांनी एकेक फासा टाकायचा, त्यात आपापला आकडा मिळवायचा. कमी पडला तो मागे रेटला जातो, दुप्पट मार बसला तर सहसा नष्ट. पण कोण कोणाला कसं मारतं याचे अपवाद आहेत आणि खेळाची गंमत तिथेच आहे. हत्ती समोरासमोरच्या टकरीत भारी, पण भालाफेक्या हलक्या पायदळाशी हरला तर सरळ बाद. झेलमवर अलेक्झांडरच्या हलक्या पायदळाने हत्तींचं आणि माहुतांचं काय केलं ते वाचलेल्याला या नियमाचं कौतुक वाटेल. चार बेस गेले आणि ते शत्रूच्या नुकसानीपेक्षा जास्त असले की डाव संपला.

दोष? भाषा. जुन्या आवृत्त्यांतली वाक्यं इतकी ठासून भरलेली की पाणिनीची सूत्रं वाचतोय असं वाटतं आणि भाष्यकाराशिवाय पुढे सरकता येत नाही. २०१४ च्या तिसऱ्या आवृत्तीत भरपूर आकृत्या आल्या, बराच उजेड पडला. तरी पहिले दोन डाव जाणत्या माणसाबरोबर खेळलेले बरे. दुसरा दोष मोठा आहे. १२ विरुद्ध १२ हा साचा मोडत नाही, त्यामुळे अमुक एक लढाई जशी झाली तशी मांडायला डीबीए तोकडी पडते.

'हेल सीझर' याच्या दुसऱ्या टोकाला आहे. २०११ मध्ये वॉरलॉर्ड गेम्सने काढलेली, लेखक रिक प्रीस्टली. इथे हुकूम तोंडाने द्यायचा, फासे टाकण्याआधी आणि समोरच्याला ऐकू जाईल असा: "उजवीकडचे हत्ती फॅलेंक्सवर (लांब भाल्यांच्या दाट पायदळावर) चालून जातील." मग दोन फाशांची बेरीज सेनापतीच्या आकड्याच्या आत यायला हवी. हा आकडा साधारणपणे ८ असतो. जेमतेम जमलं तर एक चाल, बेरीज त्याहून खाली गेली तर दोन, कधी तीन. फसलं तर तुकडी जागच्या जागी आणि त्या सेनापतीचे पुढचे हुकूम त्या पाळीपुरते बंद. दोन्ही सहा आले तर गोंधळ: तुकडी भलतंच काही करून बसते. बोललेला हुकूम मागे घेता येत नाही यातच निम्मी मजा आहे. हत्ती निघालेच नाहीत तर तुमचं तोंड बघण्यासारखं होतं आणि समोरचा ते बघतच असतो.

पण या खेळाला २८ मिमीच्या मोठ्या तुकड्या शोभतात, त्या रंगवायला महिने लागतात आणि टेबल सहा फूट बाय चारपेक्षा लहान असेल तर गर्दी होते. नियमही पुष्कळ गोष्टी खेळाडूंच्या समजूतदारपणावर सोडतात. मित्रांबरोबर हे वरदान. प्रत्येक इंचासाठी भांडणाऱ्याबरोबर शिक्षा.

तशा माणसासाठी 'लार द ला गेर' आहे. (हे मी अर्धंच गमतीने म्हणतोय.) एर्वे काये यांची ही फ्रेंच नियमावली आज स्पर्धांमध्ये सर्रास खेळली जाते. २०० गुणांची फौज (प्रत्येक तुकडीची किंमत गुणांत ठरलेली), तिचे तीन भाग, १५ मिमीला १२० बाय ८० सेंटिमीटर टेबल, दोन-अडीच तासांचा डाव. फौजांच्या याद्या त्याच पुस्तकात असतात, वेगळी पुस्तकं घ्यावी लागत नाहीत. हुकमाचा फासा प्रत्येक भागाचा वेगळा, त्यात त्या सेनापतीच्या कुवतीची भर. म्हणजे डावी बाजू सुस्त आणि उजवी चपळ असं एकाच पाळीत घडू शकतं, जे डीबीएत घडत नाही. चकमकीतल्या फरकानुसार तुकडीचं बळ झिजतं, त्यामुळे एका दुर्दैवी फाशाने सेनापती आडवा होण्याची धाकधूकही कमी. अनोळखी माणसाबरोबर वाद न होता डाव पुरा करायचा असेल तर चौघांत ही पहिली. मात्र अटीतटीच्या डावात माणसं बेसचा कोपरा दोन मिलिमीटर इकडे की तिकडे यावर डोकं घालून बसतात. ते पाहताना लढाईपेक्षा जमीन मोजणीची आठवण जास्त येते.

मोजणीचा कंटाळा असलेल्यांसाठी सायमन मिलर यांची 'टू द स्ट्राँगेस्ट'. मरताना अलेक्झांडरला वारस विचारला तेव्हा त्याने "सर्वांत बलवान असेल त्याला" असं उत्तर दिल्याची कथा आहे, नाव त्यावरून. टेबलावर चौकोन आखलेले असतात, तुकडी या चौकोनातून त्या चौकोनात जाते, फूटपट्टी लागतच नाही. फासेही नाहीत. नेहमीच्या पत्त्यांतली चित्रं काढून टाका, उरलेल्या एक्क्यापासून दश्शीपर्यंतच्या पत्त्यांवर सगळं चालतं. तुकडी हलवायची तर पत्ता उलटा. एक्का निघाला तर हुकूम वाया. तीच तुकडी एका पाळीत पुन्हा पुन्हा हलवता येते, पण दर वेळी हुकण्याची शक्यता वाढत जाते. थांबावं की अजून एक ओढावा, हा मोह हाच इथला सेनापती. डाव वेगाने जातो, एकट्यालाही खेळता येतो. फक्त चौकोन ज्यांच्या डोळ्यांत खुपतात त्यांना ही लढाई बुद्धिबळासारखी दिसते, आणि मग कितीही समजावलं तरी उपयोग होत नाही.

आता पुन्हा झेलमकडे. तुम्हाला तीच लढाई हवी असेल, म्हणजे वादळी रात्री नदी ओलांडणारा अलेक्झांडर, चिखलात रुतलेले पोरसपुत्राचे रथ, छावणीत मागे ठेवलेला त्याचा सेनानी क्रॅटेरस, तर समान गुणांच्या फौजा काही कामाच्या नाहीत. 'हेल सीझर' किंवा 'टू द स्ट्राँगेस्ट' घ्या. विषम फौजा, अर्ध्यात येणारी कुमक, ओला चौकोन हे सगळं त्यांत सहज बसतं. आठवड्यातून एक संध्याकाळ आणि कोणीही प्रतिस्पर्धी, असं गणित असेल तर डीबीए किंवा 'लार द ला गेर'.

कोणाशी खेळणार हे ठरलेलं नसेल तर? मग बेसचा विचार करा, कारण रंगवलेल्या फिगर उखडून नव्या बेसवर चिकटवण्याइतकं कंटाळवाणं काम या छंदात दुसरं नाही. मी एकदा केलं आहे, भाले सगळ्यांत आधी मोडतात. डीबीए आणि 'लार द ला गेर' दोन्हींत १५ मिमीला ४० मिमी रुंद आणि २८ मिमीला ६० मिमी रुंद बेस चालतात. उरलेल्या दोघी बेसबाबत उदार आहेत, दोन्ही फौजा सारख्या मांडलेल्या असल्या की झालं. तेव्हा १५ मिमीत ४० मिमीच्या बेसवर डीबीएचे १२ बेस तयार करा. फौज वाढेल तशी ती बाकीच्या तिन्हींत जाईल. उलटा प्रवास त्रासाचा.

'सागा'चं नाव कानावर येईल. छान खेळ आहे, पण तो टोळ्यांच्या झटापटीचा. त्यात कॅनी, म्हणजे हॅनिबलने रोमनांना घेरलं तसली मोठी लढाई, घडत नाही. आणि रंगकामच नको असेल तर २००६ चा 'कमांड्स अँड कलर्स: एन्शंट्स' घ्या, लाकडी ठोकळे आणि हुकमाची पत्ती असलेला पटावरचा खेळ. त्यात फिगरची हौस भागत नाही एवढंच.

डीबीएपासून सुरुवात करणार असाल तर रंगवायला आधी हत्ती घ्याल, सगळेच घेतात. भालाफेके दुसऱ्या दिवशी घ्या. समोरचा आधी तेच घेऊन येणार आहे.