नाव यामातोच, डबे तीन: कुठली घ्यायची?

टामिया या जपानी मॉडेल कंपनीची यामातो, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी युद्धनौकेचं प्लास्टिकचं मॉडेल, मी आत्तापर्यंत तीनदा बांधलीय. डब्यावर नाव तेच, चित्रही साधारण तसंच, पण आतून दरवेळी वेगळंच जहाज निघालं. म्हणून म्हणलं लिहून टाकू, कोथरूडात अजून एखादा माझ्यासारखा फसायला नको.

पहिली घेतली ती १/३५० ची (खऱ्या जहाजाच्या साडेतीनशेव्या हिश्श्याची) जुनी, गेल्या शतकातल्या साच्यातली. सेकंडहँड होती. विकणाऱ्याने "नवीनच व्हर्जन आहे" म्हणून खपवली आणि मीपण स्वस्त दिसली म्हणून डब्यावरचा नंबर न बघता पैसे टाकून मोकळा. किती टाकले ते विचारू नका, घरचे वाचतात. उघडल्यावर डेक जरासा वाकलेला, कुणाच्या तरी माळ्यावर वर्षानुवर्षं उभा पडला असणार, आणि विमानविरोधी तोफांच्या नळ्या म्हणजे उदबत्तीच्या काड्या. आता २५ मिमीची नळी १/३५० ला ०.०७ मिमी होते, तेवढी बारीक प्लास्टिकमध्ये कोणीच काढू शकत नाही हे मान्य, पण म्हणून काड्या? शिवाय शेवटच्या काळात या जहाजावर असल्या नळ्या दीडशेच्या आसपास होत्या, म्हणजे नजर जाईल तिथे काड्याच काड्या.

दुसरी २०११ च्या नव्या साच्यातली १/३५०, नंबर ७८०२५. हा नंबर पाठ करा. फरक लगेच कळतो, डेकच्या फळ्या, टरेट (तोफांचे फिरते बुरूज), मधला उंच मनोरा, सगळं कसं धारदार, आणि नाजूक भागांसाठी फोटो-एचचा (रसायनाने कोरलेल्या धातूचा) पातळ पत्रा डब्यातच येतो. एवढा फरक पडायला कारणही आहे म्हणा. युद्ध संपताना जपान्यांनी या जहाजाची बहुतेक ड्रॉइंग जाळून टाकली, त्यामुळे फोटो आणि आठवणींवरून किती बांधणार? १९८५ मध्ये समुद्रतळाशी सांगाडा नीट सापडला, तिथून पुढे एकेक तपशील पक्का होत गेला. नाकापासून पहिल्या टरेटकडे डेक जो उतरत येतो तो नव्या किटमध्ये इतका छान आलाय की मी रंगवायच्या आधी दोन दिवस नुसता टेबलावर ठेवून बघत होतो, बायको म्हणाली जेवण तरी तिथेच वाढू का.

प्रॉब्लेम जागेचा. खरं जहाज २६३ मीटर, म्हणजे मॉडेल ७५ सेंटीमीटर. टीव्ही युनिटवर ठेवली तर टीव्ही भिंतीवर न्यावा लागतो, आमच्याकडे तेच झालं.

म्हणून तिसरी, १/७०० ची, १९९८ चा साचा, नंबर ३१११३. ही वॉटरलाइन आहे, म्हणजे पाण्याखालचा भाग नाहीच, शेल्फवर ठेवली की समुद्रात उभी असल्यासारखी दिसते. साडेसदतीस सेंटीमीटर. काचेच्या कपाटात बसते, धूळही नाही. माझं मत विचाराल तर पुण्यातल्या टू बीएचकेला हीच घ्या, पैसेही कमी जातात आणि नव्या १/३५० च्या शेजारी ठेवली तरी लाज वाटत नाही. पोरांना घेऊन बसणार असाल तर फुजिमी या दुसऱ्या कंपनीची नेक्स्ट सिरीजमधली बघा, भाग रंगीतच येतात आणि गोंदाशिवाय बसतात, संध्याकाळभराचं काम.

एक चूक मात्र माझीच. मोठीचा करडा रंग (टामियाचा एक्सएफ-७५, म्हणजे जपानमधल्या कुरेच्या गोदीचा, यामातो तिथेच बांधली) छान बसला, पण वरचं लॅकर ऐन ऑगस्टमध्ये गच्चीवर मारलं. आपल्याकडच्या त्या दमट हवेत लॅकरवर पांढुरकी साय धरली, परत घासलं, परत मारलं. आता गणपती आटोपून हवा कोरडी होईपर्यंत लॅकरचा डबा उघडतच नाही.

जुनी माळ्यावर पडलीय. सुट्या भागांसाठी कोणाला हवी असेल तर देतो, फक्त डब्यावर स्केचपेनने मोठ्ठं "जुनी" लिहून देणार.