कुकर दुरुस्ती, बोहरी आळी: काका झापतात, तरीही जा

माझा डब्यांचा व्यवसाय आहे, त्यामुळे घरात दिवसभर कुकर चढलेलेच असतात. दुरुस्तीला मी पुण्यात बोहरी आळीतल्या एका चिंचोळ्या दुकानातच जाते. या दुकानाबद्दल सगळे एकच सांगतात, 'काम एक नंबर, पण काका फार झापतात.' झापतातच. मी तर म्हणेन, त्यासाठीच जा.

परवा माझ्यापुढे एक कॉलेजातला मुलगा उभा होता. सेफ्टी व्हॉल्व्ह गेला म्हणून पठ्ठ्याने त्या भोकात एमसील भरलेलं. काकांनी झाकण हातात घेतलं, अंगठ्याने ते एमसील चाचपलं आणि आवाज चढला. "हे कुणी केलं? तू? अरे, शिट्टीची नळी तुंबली तर वाफ जाणार कुठून? रूमवर किती जण राहता तुम्ही?" मुलाचे कान लाल. मग त्यालाच जवळ बोलावून एक जुना व्हॉल्व्ह दाखवला. कुकर प्रमाणाबाहेर तापला की मधला धातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. नवा अस्सल व्हॉल्व्ह बसवला, शिट्टी लावण्याआधी नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते बघायला लावलं, आणि 'डाळीला कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही' हे त्याच्या तोंडून वदवून घेतलं.

झापणं म्हणतात ते हे. चूक समोर धरून, तोंडावर, आणि दोन मिनिटांत विषय संपला. गॅसपाशी ओढणी लोंबकळत ठेवली की मीही माझ्या मुलींना अशीच झापते, आणि लगेच चहाही विचारते. टोमणे मारणं, घालूनपाडून बोलणं यात ती माया नसते.

एक मात्र मला आवडलं नाही. एक आजी नुसता गास्केटचा भाव विचारायला आल्या, तर काका त्यांच्याही अंगावर वसकन ओरडले. आजींचं काय चुकलं होतं? गर्दी होती हे मान्य, पण ते झापणं नव्हे, चिडचिड होती. तेवढ्यासाठी एक तारा कमी.

सुटे भाग अस्सल मिळतात, स्वस्तातला माल मागितलात तर त्यावरूनही ऐकून घ्यावं लागेल. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, आत पाय ठेवायला जागा नसते. आणि नुसतं झाकण नेऊ नका. भांडं सोबत नसेल तर हात लावत नाहीत, परत पाठवतात.